नव्या ऑफसेट स्मोकरची जोडणी आणि फेरबदल: आधी काय करावे, काय थांबवावे

आपला प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तराचा रोख स्पष्ट राहील. ह्यूस्टनजवळच्या घराच्या परसासाठी आपण बाजूला फायरबॉक्स (जाळाची पेटी) असलेला, पातळ पत्र्याचा, सुमारे ८० किलो वजनाचा ऑफसेट स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवण्याची भट्टी, घेतला आहे आणि तो अजून खोक्यातच आहे. झाकणाची गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी), चेंबरच्या (मांस ठेवायच्या मोठ्या पेटीच्या) तळाशी टाकायच्या पोलादी पट्ट्या, चिमणीचे तोंड जाळीपर्यंत खाली आणणारे नळकांडे, कोळशाची टोपली, नवे थर्मामीटर, भट्टीच्या विटा अशी फेरबदलांची लांब यादी आपण जमवली आहे. यांपैकी पहिल्या जाळाआधी काय करावे, काय नंतर करावे, आणि एवढे करूनही हा स्मोकर जाड पोलादाच्या स्मोकरची बरोबरी करील का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या जाळाआधी तीनच कामे करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. जोडणी करतानाच सांधे बंद करावेत, जाळीच्या पातळीवर दोन्ही टोकांना तापमान मोजण्याची सोय करावी, आणि निखाऱ्यांखालून हवा खेळेल अशी टोपली फायरबॉक्समध्ये बसवावी. बाकीचे सामान विकत घेण्याचीही घाई करू नये. आपला स्मोकर कुठे आणि किती असमान तापतो हे मोजण्याआधी पट्ट्या किंवा नळकांडी बसवली, तर पुढे एखादी गोष्ट बिघडली असता दोष जाळाचा, लाकडाचा की नव्या पट्टीचा हे ओळखण्याचा मार्गच उरत नाही.

हे पटण्यासाठी स्मोकरचे काम कसे चालते ते पाहू. फायरबॉक्समध्ये तापलेली हवा हलकी होते, चेंबरमधून पलीकडच्या टोकाला जाते आणि चिमणीतून वर निघून जाते. तिच्या जाण्याने जी ओढ तयार होते तीच फायरबॉक्सच्या झडपेतून ताजी हवा आत खेचते. या ओढीचा जोर चिमणीच्या उंचीवर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकावर ठरतो. मांस शिजते ते मुख्यतः या वाहत्या गरम हवेने, आणि धुराची चवही तीच हवा मांसापर्यंत नेते. मध्य टेक्ससमध्ये लॉकहार्टच्या जुन्या दुकानांतील विटांच्या भट्ट्या पाहिल्या तर हेच तत्त्व दिसते: लाकडाचा जाळ भट्टीच्या एका टोकाला उघड्यावर असतो, चिमणी दुसऱ्या टोकाला असते आणि मांस या दोहोंच्या मध्ये. तेथील क्रॉइट्झ मार्केट १९०० पासून आणि टेलर गावातील लुई म्युलर यांचे दुकान १९४९ पासून चालत आले आहे; त्या भट्ट्यांत ना गॅस्केट असते ना पोलादी पट्ट्या. म्हणून आपल्या यादीतील प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: हिच्यामुळे हवेचा हा प्रवाह मोकळा होईल की अडेल?

आता जोडणी. बहुतेक लोक स्मोकर घाईने जोडतात, त्यात जाळ करतात आणि मग धूर कुठून निघतो ते पाहून बाहेरून चिकट लेप फासतात. तोवर आतल्या पृष्ठभागावर तेल आणि काजळी बसलेली असते, त्यामुळे लेप नीट धरत नाही. आपला स्मोकर खोक्यात आहे ही मोठी सोय समजावी. प्रथम तो काहीही न लावता, बोल्ट हातानेच सैलसर आवळून उभा करावा आणि झाकणे सरळ बसतात का ते पाहावे. कागदाची पट्टी झाकणाच्या कडेत ठेवून झाकण मिटावे आणि पट्टी ओढावी. ज्या जागी ती सहज सुटते तेथे फट आहे. पातळ पत्र्याचे झाकण वाहतुकीत अनेकदा पिळलेले असते. एका कोपऱ्याखाली लाकडाचा तुकडा ठेवून दुसरा कोपरा हळूहळू दाबला तर पीळ बराचसा निघतो. काही वेळा दोष झाकणात नसतो, बिजागरीचे बोल्ट वाकडे आवळलेले असतात, आणि ते सैल करून पुन्हा बसवले की काम होते. एखादा भाग फारच वाकलेला असेल तर तो विक्रेत्याकडून बदलून घेण्याची वेळ हीच आहे. एकदा जाळ केल्यावर तो परत घेतला जाईलच असे नाही.

फायरबॉक्स आणि चेंबर यांच्यामधला सांधा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत जास्त तापणाराही आहे. तेथे बाजारात सहज मिळणारे लाल उच्च-तापमान सिलिकॉन पुरे पडेल असे मी मानत नाही, कारण अशा सिलिकॉनवर सामान्यतः ६५० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे ३४३ अंश सेल्सिअसची मर्यादा लिहिलेली असते आणि तीही थोड्या वेळासाठी. या सांध्यात लाकडाच्या शेगड्यांसाठी मिळणारी चपटी गॅस्केट दोन पत्र्यांच्या मध्ये दाबून बसवावी आणि तिची आतली कड अशी कापावी की तिचे तंतू अन्नाच्या बाजूला उघडे राहणार नाहीत. फायरबॉक्सच्या लहान दाराला दोरीच्या आकाराची शेगडीची गॅस्केट चालते. चिमणीच्या बुडाशी आणि चेंबरचे दोन अर्धे भाग जेथे जुळतात तेथे मात्र सिलिकॉन योग्य आहे. अन्नाजवळ वापरण्यास योग्य असा उल्लेख असलेलेच घ्यावे, पातळ सलग रेघ ओढावी, बोल्ट पूर्ण आवळावेत आणि किमान २४ तास सुकू द्यावे. सुकताना त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत जाळ करू नये.

चेंबरच्या झाकणासाठी नोमेक्स या उष्णतारोधक तंतूची, चिकटपट्टी असलेली गॅस्केट वापरतात. ती झाकणाला लावावी की खालच्या कडेला, यावर लोक वाद घालतात. मी खालच्या कडेला लावतो, कारण झाकणावरून ओघळणारे पाणी आणि चरबी तिच्यात कमी मुरते. लावण्याआधी कड ॲसिटोनने पुसून पूर्णपणे कोरडी करावी आणि ते मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करावे. फायरबॉक्सच्या झाकणाला नोमेक्स लावू नये, तेथील उष्णता ती सोसत नाही. झाकण दाबून धरणाऱ्या दोन खटक्याच्या कड्या बसवल्या तर गॅस्केटचे अर्धे काम त्याच करतात, आणि खर्चही थोडाच येतो.

कोणत्या फटीला किती महत्त्व द्यायचे हेही समजून घ्यावे, कारण सगळ्या फटी सारख्या नसतात. खालच्या बाजूच्या फटींतून थंड हवा आत ओढली जाते आणि वरच्या बाजूच्या फटींतून गरम हवा बाहेर ढकलली जाते. फायरबॉक्सच्या दाराभोवती फट असेल तर झडप बंद केली तरी जाळाला हवा मिळतच राहते आणि तापमान आपल्या हातात राहत नाही. ही फट सर्वांत घातक. झाकणाच्या वरच्या कडेची फट गरम हवेला दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचूच देत नाही. पण कोपऱ्यातून अधूनमधून धुराची एखादी बारीक रेघ निघत असेल तर तिच्या मागे लागू नये. पहिल्या काही वापरांत चरबी आणि काजळी जमून अशा बारीक फटी आपोआप बुजतात. रात्रीच्या अंधारात चेंबरमध्ये विजेरी पेटवून ठेवून झाकण मिटले की कुठून उजेड येतो ते दिसते, आणि कोणत्या फटीकडे लक्ष द्यायचे हे ठरवायला तेवढी तपासणी पुरते.

स्मोकर उभा करताना तो चरबी निघण्याच्या छिद्राकडे किंचित कलता ठेवावा. पूर्ण लांबीत साधारण १ सेंटिमीटर उतार पुरे होतो. तळाला साचलेली चरबी हे चेंबरमध्ये आग भडकण्याचे नेहमीचे कारण आहे.

पहिल्या जाळाची तयारी करताना आतला भाग भांड्यांच्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुवावा, कारण कारखान्यात पत्र्याला गंज लागू नये म्हणून तेल लावलेले असते. पूर्ण सुकल्यावर आतून सर्वत्र, जाळ्यांसह, खाद्यतेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. गॅस्केटवर तेल जाऊ देऊ नये. तेल जास्त झाले तर ते सुकत नाही, चिकट गोंदासारखे राहते. मग लहान जाळ करून चेंबर तासभर २०० अंश फॅरनहाइटच्या आसपास ठेवावे, नंतर हळूहळू ३०० ते ३५० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १५० ते १७५ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन दोन-तीन तास धरावे. या जाळावर अन्न शिजवू नये. फायरबॉक्सच्या बाहेरचा रंग फुगेल आणि काही ठिकाणी सोलला जाईल. पातळ पत्र्याच्या जवळपास प्रत्येक फायरबॉक्सचे असे होते. त्यात आपली काही चूक नसते. थंड झाल्यावर तारेच्या ब्रशने सुटा रंग काढावा आणि कोमट पत्र्यावर तेलाचा हात द्यावा, किंवा शेगडीसाठीचा उष्णतारोधक रंग फक्त बाहेरून द्यावा. आतून कोणताही रंग कधीही देऊ नये.

झाकणावर बसवून आलेल्या थर्मामीटरवर आपण विसंबू नये. तो मांसाच्या बराच वर, झाकणाच्या घुमटात, आणि बहुधा मध्यभागी असतो. जाळीवर काय चालले आहे ते त्याला कळत नाही. दोन किंवा चार तारांचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा आणि त्याची एक सुई जाळीवर फायरबॉक्सच्या टोकाला, दुसरी चिमणीच्या टोकाला, मांसापासून चार बोटे दूर लावावी, कारण थंड मांसाला चिकटलेली सुई हवेचे तापमान कमी दाखवते. सुया उकळत्या पाण्यात तपासाव्यात. ह्यूस्टन समुद्रसपाटीच्या अगदी जवळ असल्याने तेथे २१२ अंश फॅरनहाइटच दिसले पाहिजे. उंचावरच्या गावी दर ३०० मीटरला सुमारे १ सेल्सिअस अंश वजा धरावा लागतो. तारा आत नेण्यासाठी चेंबरच्या बाजूला एक छिद्र पाडून त्यात सिलिकॉनची बुची बसवावी. तारा झाकणाखालून नेल्या तर नुकतीच लावलेली गॅस्केट तेथेच दबते आणि तारांचे वेष्टणही फाटते.

अन्नाशिवायच्या दुसऱ्या जाळावर एक परीक्षा अवश्य करावी. टेक्ससमध्ये यासाठी कच्च्या बिस्किटांचे (तिकडच्या मऊ, पावासारख्या बिस्किटांचे) गोळे जाळीभर मांडतात. साध्या पांढऱ्या पावाचे काप मांडले तरी तेच दिसते. दोन्ही सुयांवर तापमान स्थिर झाल्यावर काप मांडावेत, झाकण मिटावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पाहावे. कोणता काप काळा, कोणता तांबूस, कोणता पांढराच राहिला याचे छायाचित्र काढून ठेवावे. हा आपल्या स्मोकरचा नकाशा आहे, आणि पुढचा प्रत्येक फेरबदल याच परीक्षेने तपासता येतो. पातळ पत्र्याच्या लहान स्मोकरमध्ये फायरबॉक्सच्या तोंडाशी आणि चिमणीच्या बाजूला ३० ते ५० फॅरनहाइट अंशांचा फरक आढळला तर घाबरू नये. तो फरक कामालाही येतो: ब्रिस्केटचा, म्हणजे गोवंशाच्या छातीच्या मांसाचा, जाड, चरबीचा भाग फायरबॉक्सकडे आणि पातळ भाग चिमणीकडे ठेवतात तो याचसाठी.

आता जाळाविषयी, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण ज्या तक्रारींवर लोक पट्ट्या आणि नळकांडी विकत घेतात त्यांपैकी बहुतेकांचे मूळ जाळात असते. मांस कडू झाले, काळा चिकट थर बसला, तापमान वर-खाली झाले, या तिन्ही गोष्टी घुसमटलेल्या जाळाच्या खुणा आहेत. लाकूड तापले की आधी त्यातील पाणी उडते, मग लाकडातून ज्वलनशील वायू सुटतात आणि ते वायू पेटले की ज्वाळा दिसते. हवा कमी पडली तर हे वायू पेटत नाहीत. दाट पांढऱ्या धुराच्या रूपाने चेंबरमध्ये जातात आणि मांसावर डांबरासारखे बसतात. हवा भरपूर असेल तर चिमणीतून जेमतेम दिसणारा, निळसर, पातळ धूर निघतो. लाकडातील लिग्निनपासून तयार होणारी ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगे धुराला त्याचा ओळखीचा वास आणि चव देतात, आणि ती त्या पातळ धुरातही पुरेशी असतात. ज्यांनी गावी चुलीवर स्वयंपाक पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको: ओल्या सरपणाची चूल घरभर धूर करते आणि भाकरी मात्र कच्ची ठेवते.

यासाठी माझा पहिला नियम असा, की चिमणीची झडप पूर्ण उघडी ठेवावी आणि तिला हात लावू नये. तापमान वाढले म्हणून चिमणी मिटणारे लोक धूर आतच कोंडतात. नियंत्रण फायरबॉक्सच्या झडपेने करावे, आणि त्याहूनही अधिक जाळाच्या आकाराने करावे. लहान पण जिवंत जाळ हवा, मोठा आणि दाबून ठेवलेला नको. मध्य टेक्ससमधील व्यावसायिक भट्ट्या निव्वळ लाकडावर चालतात, कारण त्यांचे पोलाद जाड असते आणि फायरबॉक्स मोठे असतात. आपल्या लहान फायरबॉक्समध्ये कोळशाच्या निखाऱ्यांचा थर आणि त्यावर एका वेळी फोडलेल्या लाकडाची एकच ढलपी ही पद्धत जास्त भरवशाची आहे.

टोपलीचे महत्त्व येथे कळते. जाळीदार पत्र्याची, साधारण ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर उंच टोपली फायरबॉक्सच्या तळापासून निदान ५ सेंटिमीटर वर राहील अशी बसवावी. राख खाली पडते, निखारे मोकळे राहतात आणि झडपेतून येणारी हवा त्यांच्या खालून जाते. टोपलीशिवाय दोन-तीन तासांत राख निखाऱ्यांना झाकते आणि जाळ मंदावतो. मग माणूस आणखी लाकूड टाकतो आणि धूर वाढतो. माझ्या मते सर्व फेरबदलांत पैशाच्या मानाने सर्वाधिक उपयोग याच एका वस्तूचा आहे.

कोळसा पेटवण्याच्या नळकांड्यात एक भरून कोळसा राखाडी होईपर्यंत पेटवावा, टोपलीत ओतावा आणि त्यावर ढलपी ठेवावी. ढलप्या २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि मनगटाएवढ्या जाड असाव्यात. दुकानात मिळणारे शेकोटीचे ओंडके या फायरबॉक्सला फार मोठे होतात आणि ते पुन्हा फोडून घ्यावे लागतात. लाकडातील ओलावा १५ ते २० टक्के असावा. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र असेल तर ढलपी तेथल्या तेथे फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजावा, कारण बाहेरची बाजू नेहमी कोरडी दाखवते. पुढची ढलपी फायरबॉक्सच्या वर ठेवून तापवून घ्यावी म्हणजे ती आत पडताच पेटते; मात्र ती तेथेच पेट घेऊ शकते, तेव्हा तिच्यावर नजर हवी. ढलपी टाकल्यावर फायरबॉक्सचे दार दोन-तीन मिनिटे किंचित उघडे ठेवावे आणि तिला चहूबाजूंनी ज्वाळा धरल्यावरच मिटावे. साधारण अर्ध्या ते पाऊण तासाने एक ढलपी लागेल. हा काळ घड्याळावरून न ठरवता तापमान उतरू लागले की आणि आधीची ढलपी निखाऱ्यात आली की पुढची टाकावी.

लाकूड पोस्ट ओक मिळाले तर उत्तम. मध्य टेक्ससची चव ती हीच. पिकॅन आपल्या भागात सहज मिळते आणि कोंबडीला ते फार चांगले लागते. मेस्कीट उघड्या निखाऱ्यांवर झटपट भाजायला चांगले, परंतु लहान स्मोकरमध्ये सहा-आठ तास जाळले तर मांस कडवट होण्याचा धोका मोठा. ओकचे लाकूड विकत घेताना ते पूर्ण वाळलेलेच घ्यावे, याला टेक्ससमध्ये आणखी एक कारण आहे: ओकच्या झाडांना मारणारा बुरशीचा रोग तांबड्या ओकच्या ओल्या लाकडातून पसरू शकतो. परसात किंवा शेजारी लाइव्ह ओकची झाडे असतील तर असे ओले लाकूड आणून रचून ठेवू नये.

यानंतरच यादीतील उरलेल्या वस्तूंकडे वळावे. फायरबॉक्सचे टोक फारच गरम निघाले, तर पहिला उपाय पाण्याची परात हाच आहे. जाड ट्रे किंवा परात फायरबॉक्सच्या तोंडाशी जाळीवर ठेवून त्यात ३-४ लिटर गरम पाणी घालावे. ती थेट येणारी धग अडवते आणि उष्णता साठवूनही ठेवते. ४ लिटर पाणी दर अंशाला जितकी उष्णता सामावून घेते तितकी सामावण्यासाठी सुमारे ३४ किलो पोलाद लागते, म्हणजे आपल्या स्मोकरच्या एकूण वजनाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक. शिवाय १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २२५० किलोज्युल उष्णता खर्च होते, त्यामुळे तापमानाचे उसळणे आवरते. त्यासाठी थोडे लाकूड जास्त लागते. ते लागू द्यावे. चेंबरच्या तळाला दोन-तीन भट्टीच्या विटा ठेवल्या तर त्यांचाही असाच, पण कमी उपयोग होतो. नदीतील गोटे मात्र ठेवू नयेत, कारण त्यांत मुरलेले पाणी तापल्यावर ते फुटतात.

परातीनंतरही पावाच्या कापांचा नकाशा फार असमान येत असेल तर पोलादी पट्ट्यांचा विचार करावा, आणि तोही सुट्या पट्ट्यांचा, म्हणजे फटी कमी-जास्त करता येतील. फायरबॉक्सजवळ फटी अरुंद आणि चिमणीकडे जात रुंद ठेवतात. येथे एक हिशोब लक्षात ठेवावा: सर्व फटींचे मिळून क्षेत्रफळ चिमणीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाहून कधीही कमी असू नये, आणि मी तर ते निदान दुप्पट ठेवतो. ७.५ सेंटिमीटर व्यासाच्या चिमणीचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर, १० सेंटिमीटरच्या चिमणीचे सुमारे ७९. फटी यापेक्षा कमी झाल्या की हवेचा प्रवाह अडतो, जाळ घुसमटतो आणि जाळीवर तापमान एकसारखे दिसत असूनही मांस कडू होते. पट्ट्यांचा दुसरा तोटा असा, की चरबी त्यांच्यावर पडून जळते आणि छिद्राकडे वाहत नाही. प्रत्येक वापरानंतर त्या उचलून खरवडाव्या लागतात.

चिमणीचे तोंड जाळीपर्यंत खाली आणण्याचा फेरबदल ज्या स्मोकरची चिमणी झाकणाच्या उंचीवरून निघते त्यालाच उपयोगी आहे. वरून निघणारी गरम हवा मांसाला टाळून जाते, ती या नळकांड्यामुळे खाली येऊन जाते. त्यासाठी ॲल्युमिनियमचे लवचिक नळकांडे किंवा वळवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा वापरावा. जस्ताचा मुलामा दिलेले नळकांडे किंवा पत्रा स्मोकरच्या आत कोठेही वापरू नये, कारण जास्त तापल्यास जस्ताची विषारी वाफ निघू शकते. नळकांड्याच्या तोंडाखाली निदान चार-पाच बोटे जागा मोकळी ठेवावी. हे बसवल्यावर ओढ मंदावलेली वाटली तर चिमणीवर काळ्या शेगडीच्या पाइपचा ३० सेंटिमीटरचा तुकडा चढवून तिची उंची वाढवावी. त्याने ओढ पुन्हा सुधारते. आपल्या स्मोकरची चिमणी आधीच जाळीच्या पातळीवरून निघत असेल तर हा खर्च पूर्णपणे टाळावा. आणि कोणताही फेरबदल केला तरी एका वेळी एकच करावा, आणि त्यानंतर पावाचे काप पुन्हा मांडावेत.

जागेविषयी थोडक्यात: घराच्या भिंतीपासून, लाकडी कुंपणापासून आणि छपरापासून निदान ३ मीटर अंतर ठेवावे, आणि पाऊस आला तरी स्मोकर गॅरेजमध्ये किंवा बंद ओसरीत नेऊ नये, कारण निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. कोरड्या उन्हाळ्यात काउंटीने जाळबंदी लावलेली असेल तर परसातल्या जाळाविषयी तिचे नियम आधी पाहावेत. फायरबॉक्सची झडप वाऱ्याच्या थेट तोंडाशी येऊ देऊ नये. हिवाळ्यात उत्तरेकडून नॉर्दर नावाचा गार वारा अचानक सुटतो, तेव्हा पातळ चेंबरची उष्णता झपाट्याने उडते; वेल्डिंगचे उष्णतारोधक पांघरूण चेंबरवर टाकले तर लाकडाची बरीच बचत होते. ते फायरबॉक्सवर किंवा चिमणीवर टाकू नये.

पहिला स्वयंपाक ब्रिस्केटचा करू नये. कोंबडीच्या मांड्या २७५ ते ३०० अंश फॅरनहाइटवर दीड-दोन तासांत होतात, आतले तापमान १६५ अंश, म्हणजे ७४ सेल्सिअस झाले की सुरक्षित होतात, आणि जाळ घुसमटला असेल तर त्यांची कातडी लगेच कडू लागून सांगते. त्या नीट जमू लागल्या की डुकराचा खांदा किंवा बकऱ्याची मांडी करावी. मराठी घरांतले मसाल्याचे वाटण लावलेली मांडी पिकॅनच्या धुरात फार छान लागते, फक्त वाटणात गूळ किंवा साखर बेताने घालावी, कारण लांबच्या भाजणीत ती काळी पडते. ब्रिस्केटला बारा-चौदा तास जाळ सांभाळावा लागतो. मध्ये १५० ते १७० अंश फॅरनहाइटच्या दरम्यान मांसातून उडणाऱ्या पाण्यामुळे त्याचे तापमान कित्येक तास जागचे हलत नाही, आणि नेमके तेव्हाच नवशिके घाबरून फायरबॉक्समध्ये लाकडे कोंबतात. ही सवय आधी कोंबडीवर मोडलेली बरी.

राहिला शेवटचा प्रश्न. जाड पोलादाची बरोबरी आपला स्मोकर करणार नाही, आणि ती त्याच्याकडून मागूही नये. मोठ्या प्रोपेन टाक्यांतून किंवा तेलक्षेत्रातील जाड पाइपमधून बनवलेल्या स्मोकरचे पोलाद ६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असते, वजन शेकडो किलो असते, आणि एकदा तापल्यावर ते झाकण उघडले तरी झटकन निवत नाहीत. आपल्या २-३ मिलिमीटरच्या पत्र्याला तासाला दोनदा लक्ष लागेल आणि लाकूडही त्या मानाने जास्त लागेल. परंतु मांसाला पोलादाची जाडी कळत नाही; त्याला स्वच्छ धूर आणि बऱ्यापैकी स्थिर २५० ते २७५ अंश फॅरनहाइट कळतात, आणि ते आपल्या स्मोकरमध्ये नक्की मिळवता येतात. म्हणून फेरबदलांवर स्मोकरच्या किमतीच्या एक चतुर्थांशाहून अधिक खर्च करू नये, असा सल्ला मी देतो. वर्षभर नियमित वापर झाला आणि आवड टिकली तर ते पैसे जाड पोलादाच्या स्मोकरसाठी बाजूला ठेवावेत; टोपली, थर्मामीटर आणि पांघरूण त्यालाही चालतील.

तोवर हा स्मोकर टिकवायचा असेल तर गंजाकडे लक्ष द्यावे, कारण ह्यूस्टनच्या दमट हवेत पातळ पत्र्याचे फायरबॉक्स तळातून गंजून निकामी होतात. राखेत ओल शिरली की तिचे क्षारयुक्त पाणी पत्रा खाते, म्हणून प्रत्येक वापरानंतर राख काढावी; मात्र राखेत दडलेले निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतात, तेव्हा ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच भरावी आणि डबा लाकडी डेकवर ठेवू नये. जाळ्या गरम असतानाच ब्रशने घासून तेलाचा हात द्यावा, फायरबॉक्सच्या बाहेरच्या बाजूलाही महिन्यातून एकदा द्यावा, आणि आच्छादन स्मोकर पूर्ण थंड व कोरडा झाल्यावरच घालावे. चेंबरच्या आतले काळे कवच खरवडून काढू नये; फक्त झाकणाला पापुद्रे सुटून लोंबू लागले तर ते पुसून घ्यावेत, नाहीतर ते मांसावर पडतात.